मधली दोन नखं

राणीच्या मागच्या उजव्या पंजाची मधली दोन नखं वरच्या अंगाने झिजून सपाट झाली होती. त्याच पंजाची कडेची नखं मात्र वाढून वाकली होती. डॉक्टरांनी पाठीला हात लावण्याआधी चारही पंजे एकेक करून हातात घेतले, बोटांनी नखं चाचपली आणि विचारलं, "चालताना मागून खरखर ऐकू येते का?" येत होती, डांबरी रस्त्यावर जास्तच.

कुत्रा बोटांवर चालतो. चार बोटांपैकी मधली दोन लांब असतात. पाऊल पुढे घेताना पाय पुरेसा उचलला गेला नाही, की जमिनीला आधी तीच घासतात. मागचे पाय अशक्त होताहेत हे घरच्यांना पुष्कळदा कुत्रा उठता उठता कोसळतो तेव्हा कळतं. नखांवर त्याची खूण त्याआधीच उमटलेली असू शकते.

राणी बारा वर्षांची लॅब्रेडॉर. डॉक्टरांनी तिच्या पोटाखाली हात घालून तिला उभं धरलं आणि मागचा डावा पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवली. तिने तो लगेच सरळ केला. उजवा पंजा मात्र तसाच उलटा राहिला, आणि ती आमच्याकडे शेपूट हलवत बघत राहिली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, कारण तिला कसलीच तक्रार नव्हती. आपला पाय कसा पडलाय हे तिला कळतच नव्हतं.

इथे दोन वाटा फुटतात. संधिवाताने कुत्रा लंगडतो, उठताना कण्हतो, पण पंजा उलटा पडला तर चटकन सरळ करतो. पंजा तसाच उलटा राहत असेल, तर मणक्यातल्या नसांकडे बघावं लागतं. कधी मणक्यांमधली गादी सरकलेली असते. कधी मज्जारज्जूच हळूहळू झिजत जातो. या झिजेचं वर्णन १९७३ साली वयस्क जर्मन शेफर्ड कुत्र्यांमध्ये झालं आणि २००९ साली तिचा संबंध एसओडी१ या जनुकातल्या बदलाशी जोडला गेला. माणसांना होणाऱ्या एएलएस या आजाराच्या काही रुग्णांतही याच जनुकात बदल सापडतो. कुत्र्यांच्या या झिजेत वेदना नसते, म्हणून ती लक्षात यायला उशीर होतो. राणीचं तसं नव्हतं. शेपूट वर उचलताच ती कळवळली. कमरेच्या सातव्या मणक्यामागे नसांवर दाब येत होता. औषधं, बेतशीर चालणं आणि वजन कमी करणं असं ठरलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि नखं. ती आठवड्याला बघायची."

कुत्र्यांची नखं कापायला घरोघर जाणाऱ्या एक ताई आमच्याकडे येतात. त्यांनी राणीला टेबलावर चढवू दिलं नाही. सतरंजीवर कुशीवर निजवलं, कमरेखाली दुमडलेला टॉवेल सरकवला. मी सवयीने तिचा मागचा पाय बाजूला धरायला गेले, तशा म्हणाल्या, "काकू, पाय बाहेर नका ओढू. आहे तसाच राहू दे, मीच खाली वाकते." उभ्या कुत्र्याचा एक मागचा पाय उचलला, की मागचा सगळा भार दुसऱ्या मागच्या पायावर येतो, आणि तोही दुबळा असतो. कुत्रा पाय हिसकतो तो हट्टाने नव्हे, पडायच्या भीतीने. निजल्यावर राणीने पाय सैल सोडला.

तिची नखं काळी. पांढऱ्या नखात आतली गुलाबी जिव्हाळी दिसते, काळ्यात दिसत नाही. ताई कात्रीसारख्या कटरने एकेक पातळ चकती उडवत होत्या आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग उजेडाकडे धरून बघत होत्या. आधी तो कोरडा, खडूसारखा. मग मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसू लागतो. तिथे हात थांबलाच पाहिजे. त्याच्या मागे रक्तवाहिनी आणि नस आहे. शेजारी वाटीत तुरटीची पूड होती, लागलीच तर रक्त थांबवायला. लागली नाही. वाढलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते, म्हणून एका बैठकीत नख आखूड करता येत नाही. थोडं थोडं, वरचेवर कापत राहिलं, की ती मागे सरते.

झिजलेल्या दोन नखांना त्यांनी कटर लावलाच नाही. तिथे जिव्हाळी अगदी वर आली होती. फक्त कानशीने कडा गुळगुळीत केल्या आणि फिरायला नेताना त्या पंजात मोजा घालायला सांगितला. घरी आल्यावर तो काढायचाच, कारण कुत्र्याला पंजाच्या गादीतून घाम येतो आणि ओल धरली की कातडी बिघडते. चालण्याने न झिजणारं पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख त्यांनी आठवणीने कापलं. ते गोल वाढत जाऊन मांसात रुतू शकतं.

नखं कापणं म्हणजे कुत्र्याचा नट्टापट्टा, असं समजणाऱ्यांनी व्हिट्रिफाइड टाइल्सवर म्हातारा कुत्रा उठताना एकदा नीट बघावा. मातीत नख रुततं. टाइलवर ते नुसतं सरकतं, आणि लांब असेल तर बोटालाच वर ढकलतं, त्यामुळे पंजाची गादी पुरती टेकत नाही. पकड त्या गादीची, जमीन कळते तीही तिथूनच. धडधाकट पाय एवढं सांभाळून घेतो, दुबळ्याला ते झेपत नाही. मग कुत्रा चालायला घाबरतो, चालणं कमी झालं की नखं आणखी वाढतात आणि मांड्यांचे स्नायू उतरतात. गादी नीट टेकावी म्हणून तिच्या फटींतले वाढलेले केसही ताईंनी कापले. आम्ही पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत रबरी मॅट अंथरली. आता राणी टाइलवर पाय न ठेवता पाण्यापर्यंत जाते. उजवा पंजा अजून घासतो, पण त्यावरचं एक नख टोकाशी पुन्हा गोल होऊ लागलं आहे. डॉक्टर दर महिन्याला त्याचा फोटो मागवून घेतात.

सावकाश येणाऱ्या दुबळेपणात हे सगळं करायला वेळ मिळतो. मागचे पाय तासाभरात किंवा एका दिवसात गेले, लघवी अडली किंवा बोट जोरात चिमटूनही कुत्र्याने दाद दिली नाही, तर नखं आणि मॅट विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मणक्याच्या काही दुखण्यांत शस्त्रक्रियेचा उपयोग पहिल्या काही तासांवर ठरतो. नेताना त्याला सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर न्या, पाठ वाकू देऊ नका. आणि घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कळवळ्याने देऊ नका. माणसांची ही औषधं कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा करतात.