जुनी ॲल्युमिनियमची होडी: घरच्या दुरुस्तीतले गैरसमज

मिनेसोटात एप्रिलच्या सुमारास तळ्यांवरचा बर्फ वितळतो आणि घरामागच्या अंगणात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या होड्या विक्रीला निघतात. चौदा फुटांची, तळाला थोडे पोचे आलेली, आतला गालिचा कुजलेला, अशी होडी ट्रेलरसकट अगदी स्वस्तात मिळून जाते. इथल्या मराठी मंडळींनाही आता मासेमारीची गोडी लागली आहे. त्यामुळे ‘जुनी घेऊन घरीच नीट करावी का?’ हा प्रश्न दर वसंतात कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ‘जरूर करा’ असंच असतं. अशी होडी निव्वळ वयामुळे क्वचितच बाद होते. तिचा घात होतो तो पत्र्याला चिकटून राहिलेल्या ओलाव्यानं, शेजारी आणून बसवलेल्या दुसऱ्या धातूनं, आणि बरेचदा दुरुस्तीच्या नावाखाली केलेल्या उद्योगांनी.

‘पन्नास-साठ वर्षांची होडी म्हणजे भंगार’ हा समज आधी सोडायला हवा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या कॅनू बनवायला घेतल्या. विमानासारखाच पातळ पत्रा, तशीच रिव्हेटची जोडकामं. मिनेसोटातच १९४६ मध्ये ॲलुमाक्राफ्ट आणि १९४८ मध्ये लुंड सुरू झाल्या. त्या पिढीतल्या कितीतरी होड्या आजही पाण्यात आहेत.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे ‘ॲल्युमिनियम गंजत नाही, मग काळजी कसली?’ लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे खरं. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. पण ओला फोम, गालिचा, कुजलेली पानं किंवा चिखल पत्र्याला चिकटून राहिला, की तिथं हवा पोचत नाही आणि थराची डागडुजी थांबते. खारं पाणी असेल तर क्लोराइड तो थर फोडतं. मग पांढरी भुकटी दिसते आणि तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. म्हणून विकत घेण्याआधी बाहेरच्या पोच्यांपेक्षा आसनाखाली, फळ्यांच्या मागे आणि तळातल्या फासळ्यांच्या कडेला जास्त वेळ घालवावा. काळोख्या गॅरेजमध्ये आतून प्रखर टॉर्च लावला की आरपार गेलेली भोकं बाहेरून ताऱ्यांसारखी दिसतात.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज लाकडाचा आहे. मोटर टांगायच्या मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, आतून प्लायवूड असतं आणि जुन्या होडीत ते हमखास कुजलेलं निघतं. तेव्हा लोक दुकानातून ‘ट्रीटेड’ प्लायवूड आणतात. ते कुजत नाही, मग होडीला याहून चांगलं काय, असा हिशेब असतो. पण ते कुजत नाही ते बहुतेक वेळा त्यात मुरवलेल्या तांब्याच्या संयुगांमुळे. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती कामाच्या लाकडात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असे. त्यानंतर आलेल्या रसायनांत तांब्याचं प्रमाण वाढलं. लाकूड ओलं झालं की तांबं पाझरतं आणि ॲल्युमिनियमला खाऊ लागतं. काही हंगामांत ट्रान्समचा पत्रा आतून चाळणीसारखा होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

त्यापेक्षा साधं मरीन किंवा बाहेरच्या वापराचं चांगलं प्लायवूड घ्यावं. १९ मिलिमीटरचे दोन थर एकमेकांना चिकटवून दीड इंचाची जाडी करावी आणि सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजावं, कडांना तर दोन-तीनदा. बोल्टची भोकं हा खरा कच्चा दुवा. ती आधी मोठी पाडून इपॉक्सीनं भरावीत आणि सुकल्यावर त्यातून योग्य मापाचं भोक पाडावं, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडाला भेटत नाही. धातूच्या शत्रुत्वाचा हा नियम लाकडापुरता नाही. तळात पडलेलं एखादं तांब्याचं नाणं ओल्यात तसंच राहिलं तर खाली खड्डा पाडू शकतं. पत्र्यावर खुणा करायला शिसपेन्सिलही वापरू नये, कारण ग्रॅफाइटही ॲल्युमिनियमला सोसत नाही.

आता गळतीकडे. ‘रिव्हेट गळतो? वरून सिलिकॉन लावा.’ हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि मला तो मनापासून खटकतो. रिव्हेट गळतो तो बहुधा सैल झाल्यामुळे. लाटांवर पत्रा हलतो, रिव्हेट भोकात झिजतो. त्याच्या डोक्याभोवती काळपट धुरकट रेघ उमटते, ती याच हालचालीची खूण. वरून फासलेलं सिलिकॉन ही हालचाल थांबवत नाही. थोड्याच दिवसांत ते सुटतं, आणि मागे उरलेल्या त्याच्या तेलकट थरावर पुढं ना रंग धरत, ना चांगलं सीलंट.

खरी दुरुस्ती दोघांनी करायची आहे. आधी होडी ट्रेलरवर ठेवून आत थोडं पाणी भरायचं आणि जिथून थेंब पडेल तिथं बाहेरून मार्करनं खूण करायची. पाणी बेतानं, कारण चौदा फुटी होडीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ४०० किलो. तळाला भक्कम टेकू हवेत आणि पाणी काढल्याशिवाय ट्रेलर हलवायचा नाही. मग एकानं बाहेरून रिव्हेटच्या डोक्याच्या आकाराचा ठसा लावून हातोडी मारायची आणि दुसऱ्यानं आतल्या शेपटीवर लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरायचा. बहुतेक सैल रिव्हेट एवढ्यावर घट्ट बसतात. अगदीच झिजलेला असेल तर ड्रिलनं काढून एक माप मोठा भरीव रिव्हेट, सीलंट लावून, बसवायचा. बाजारातल्या साध्या पॉप रिव्हेटला मधून भोक असतं आणि पाणी तिथूनच येतं. आत हात पोचत नसेल तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट मागून घ्यावा.

‘वेल्डिंग केलं की कटकट संपली’ असंही नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइड २००० अंशांच्याही पुढं. त्यामुळे नवशिक्याच्या हातून पातळ पत्रा क्षणात आरपार जातो. शिवाय उष्णतेनं शेजारचे रिव्हेट सैल होतात आणि पत्र्याचा कणखरपणाही तेवढ्या भागात कमी होतो. भेग मोठी असेल तर जाणकार कारागीर गाठावा.

रंगाबद्दल थोडक्यात. गोड्या पाण्यातली होडी रंगाविना राहिली तरी बिघडत नाही, रंग हौसेचा. द्यायचाच तर आधी ॲल्युमिनियमवर धरणारा एचिंग प्रायमर हवा. जुना रंग खरवडताना लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुततात. कॉस्टिकचा रंगनाशक तर धातूच खातो. शेवाळ रोखणारा तांब्याचा रंग या होडीला कधीही लावू नये. जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं न घासता पाण्यानं घासावं आणि मास्क लावावा.

राहिला फोम, आणि इथं प्रश्न जिवाचा आहे. आसनाखालचा फोम पाणी पिऊन जड झालेला दिसतो, लोक तो उपटून टाकतात आणि त्या जागी सामानाचे कप्पे करतात. ‘फोम फक्त आवाज कमी करायला असतो’ असंही मी ऐकलं आहे. प्रत्यक्षात एक घनफूट चांगला फोम पाण्यात सुमारे २७ किलो भार तोलून धरतो. अमेरिकेत १९७८ नंतर बनलेल्या, २० फुटांहून छोट्या बहुतेक आउटबोर्ड होड्या पाण्यानं भरल्या तरी आडव्या न होता तरंगत राहिल्या पाहिजेत, असा नियम आहे. फोम तेवढ्यासाठीच असतो. जड झालेला फोम काढावाच, पण तेवढाच नवा, बंद पेशींचा फोम मूळ जागीच घालावा. सगळा फरशीखाली कोंबला तर पाणी भरल्यावर होडी उलटण्याची भीती असते. पॉलिस्टायरीनचे ठोकळे वापरले तर पेट्रोल तिथं पोचणार नाही हे पाहावं, कारण पेट्रोलमध्ये ते विरघळतात.

याच हिशेबात नव्या फरशीचं वजनही येतं. १९ मिलिमीटरचं प्लायवूड चौरस मीटरला साधारण १० किलो भरतं, भिजल्यावर आणखी. चार चौरस मीटर फरशी घातली की ४० किलो गेले. नोव्हेंबर १९७२ नंतरच्या अशा होडीवर माणसं, वजन आणि मोटरची कमाल अश्वशक्ती सांगणारी पाटी असते. फरशीचे ते ४० किलो पाटीवरच्या एकूण वजनातून आधी वजा करावेत, मग कोण कोण बसणार ते ठरवावं.