भुकेची कैफियत

पंगतीत स्थूल मुलाने दुसऱ्यांदा भात मागितला की आजूबाजूच्या नजरा त्याच्या ताटाकडे वळतात, आणि तेच मूल खेळून घामाघूम होऊन घरी आले तर ‘आता हा दुप्पट जेवणार’ असे वडीलधारे बोलून जातात. या दोन्ही समजुतींची गेल्या सुमारे सत्तर वर्षांत शास्त्राने जी छाननी केली तिचा मागोवा घेतला, म्हणजे त्या मुलाच्या भुकेवर आपण किती घाईने आरोप ठेवीत आलो हे ध्यानात येते.

1956 साली हार्वर्डचे आहारशास्त्रज्ञ ज्याँ मेयर व त्यांचे सहकारी यांनी बंगालमधील एका ताग गिरणीतल्या कामगारांच्या आहाराची आणि वजनाची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा जड ओझी वाहणारे मजूर आपल्या श्रमांच्या प्रमाणात खातात, परंतु दिवसभर बसून असणारे कारकून आणि दुकानदार मात्र हलकी कामे करणाऱ्यांहून अधिक खातात व वजनानेही भारी असतात, असे दिसून आले. पुढे 1964 साली याच परंपरेतील संशोधकांनी उन्हाळी शिबिरातील मुलींचे पोहताना, टेनिस व व्हॉलीबॉल खेळताना चित्रण केले. त्यात स्थूल मुली खेळात असूनही बराच वेळ जागच्या जागी उभ्या दिसल्या.

आहाराच्या बाबतीत पाहिले तर, मेयर यांच्याच काळातील पाहण्यांत स्थूल मुलींनी स्वतःचा आहार इतरांहून कमी नोंदविला होता. पण 1990 च्या एका अभ्यासात शरीराने प्रत्यक्ष खर्च केलेली ऊर्जा ताडून पाहता, स्थूल किशोरांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षाच्या मानाने फारच कमी भरला. ताटावरच्या नजरा ज्याने वर्षानुवर्षे सोसल्या, त्याने जबानीत चार घास गाळले तर त्यात नवल ते काय!

अशा जबानीवर विसंबता येत नाही, म्हणून 2012 साली फ्रान्समधील क्लेर्माँ-फेराँ येथे डेव्हिड थिव्हेल व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला विशेष मोलाचा वाटतो. पंधरा स्थूल किशोरांना बंदिस्त खोलीत ठेवून, त्यांच्या श्वासावरून ऊर्जेचा खर्च आणि पुढ्यातल्या जेवणावरून आहार, असा दुहेरी जमाखर्च त्यांनी मांडला. एक दिवस विश्रांतीचा, एक सौम्य व्यायामाचा, एक जोरकस व्यायामाचा. जोरकस व्यायामाच्या दिवशी मुलांचा आहार इतर दोन दिवसांहून 6 ते 11 टक्क्यांनी कमी भरला, आणि तरीही भूक अधिक लागल्याचे त्यांनी सांगितले नाही. सडपातळ किशोरांत असा उतार सहसा आढळत नाही, आणि एका दिवसाच्या या फरकातून महिनोन्‌महिन्यांच्या वजनाची हमी कोणी देऊ नये, हेही येथे नमूद केले पाहिजे.

परंतु खेळून आलेले मूल अधिकच खाणार ही आपली भीती या मुलांपुरती तरी निराधार ठरली, ही गोष्ट लहान नव्हे. त्यांना खेळावयास मैदान आणि धाप लागेपर्यंत वेळ द्यावा, व ताटावरची आपली नजर काढून घ्यावी. कारण त्या खोलीत ती मुले कमी जेवली, तेव्हा त्यांना ‘पुरे’ म्हणणारे कोणीच शेजारी बसलेले नव्हते.