तक्ता वाचला, पण पडदा तपासला का?

निघोजे, महाळुंगे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत कामाला लागताना डोळे तपासून घ्यावे लागतात. चष्मा लावून तक्त्यातली बारीक अक्षरांची ओळ वाचता आली, की '६/६' असा शेरा मिळतो आणि डोळे ठणठणीत आहेत असे सगळे धरून चालतात. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. मात्र ज्यांच्या चष्म्याचा नंबर मायनस सहा किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना हा शेरा अर्धीच गोष्ट सांगतो. चष्म्याने नजर सुधारते. डोळ्यामागचा पडदा कसा आहे, हे तक्त्यावरून कळत नाही.

प्रौढ माणसाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. लांबचे धूसर दिसते, म्हणजेच मायोपिया असतो, तेव्हा बहुधा हा गोळा लांबट झालेला असतो. लांबी एका मिलिमीटरने वाढली तरी नंबर सुमारे अडीच-तीनने चढतो. जास्त नंबरच्या डोळ्याची लांबी बऱ्याचदा २६ मिलिमीटरच्या पुढे जाते. डोळ्याला आतून अस्तरासारखा असलेला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, त्या प्रमाणात वाढत नाही. तो ताणला जातो. कणकेच्या तेवढ्याच गोळ्याची मोठी पोळी लाटली की ती पातळ होते आणि कडेला फाटू शकते, तसेच काहीसे इथे होते.

याचा परिणाम रोजच्या पाहण्यावरही होतो. तक्ता नीट वाचणाऱ्यालाही संधिप्रकाशात, पावसात किंवा रात्रपाळीला जाताना रस्त्यावरचा खड्डा पटकन उमगत नाही. करड्या पृष्ठभागावरचा पुसटसा ओरखडा नजरेतून सुटतो. जाड मायनस काचेतून वस्तू थोड्या लहान दिसतात, ते वेगळेच.

खरा धोका पडदा फाटण्याचा. डोळ्यात जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. मायोपियात तो लवकर पातळ होतो, आक्रसतो आणि पडद्याला ओढतो. विरलेल्या जागी छिद्र पडले की त्यातून पाणी मागे शिरते आणि पडदा भिंतीवरच्या पोपड्यासारखा सुटत जातो. दुखत काहीच नाही, म्हणून दुर्लक्ष होते. अंधारातही डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे वाटणे, अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणे, एका बाजूने सावलीचा पडदा सरकत येणे ही त्याची लक्षणे. वेल्डिंगच्या झगमगाटाने किंवा जागरणाने असे होत असेल, असे म्हणून सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. नुसते छिद्र असताना लेझरने कडा पक्क्या करता येतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. पडदा सुटला तर शस्त्रक्रिया लागते. नजरेचा मध्यबिंदू शाबूत असतानाच ती झाली, तर दृष्टी चांगली राहण्याची शक्यता बरीच जास्त असते.

पडद्याच्या मध्यभागी नाजूक रक्तवाहिन्या उगवून त्यांतून रक्त झिरपू शकते. मग दाराची चौकट किंवा फरशीची सरळ रेघ वाकडी दिसू लागते. वेळेत डोळ्यात इंजेक्शने दिली तर नुकसान आटोक्यात राहते. काचबिंदू आणि लवकर होणारा मोतीबिंदू यांचा धोकाही या डोळ्यांना अधिक असतो.

लेझरने 'नंबर काढलेल्या' तरुणांचा इथे हमखास गैरसमज होतो. त्या उपचारात पुढच्या बुबुळाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी आणि ताणलेला पडदा तसाच राहतो. चष्मा गेला तरी तपासणी सुटत नाही.

ही तपासणी साधी आहे. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि पडदा कडेपर्यंत पाहायचा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा पुण्याचे ससून रुग्णालय येथे नेत्रविभाग आहेत. थेंबांनंतर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, त्यामुळे दुचाकी स्वतः चालवू नये, थेट पाळीवरही जाऊ नये. जास्त नंबर असलेल्यांनी वर्षातून एकदा हे करावे आणि एका डोळ्यावर हात ठेवून दुसऱ्याची नजर अधूनमधून घरीही पाहावी. डोळ्याला मार लागणे अशा पडद्याला विशेष घातक असते. कामावर चष्म्यावरून बसणारा सुरक्षा गॉगल घालावा.

नंबर बहुधा शाळेच्या वयात वाढतो. चीनमधील ग्वांगझू येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले गेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना मायोपिया झाला. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. वडिलांना किंवा आईला जाड चष्मा असेल, तर मुलाला दिवसाउजेडी मैदानावर पाठवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. मुलाचा नंबर दरवर्षी तपासावा; तो वेगाने वाढत असेल तर वाढ मंदावणारे थेंब आणि खास काचा आता उपलब्ध आहेत.