रिजबॅकच्या पाठीवरचे भोवरे

परवा पुण्यात एका डॉग शोमध्ये ऱ्होडेशियन रिजबॅक जवळून पाहिला. पाठीवर केसांचा उलटा पट्टा, खांद्यामागे समोरासमोर दोन भोवरे. मालक म्हणाले, "ब्रिटिशांनी तयार केलेली जात!"

हे अर्धंच खरं आहे.

हा पट्टा आला दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई पशुपालकांच्या कुत्र्यांकडून. गोरे वसाहतवाले येण्याआधीपासून ती कुत्री गुरं राखायची, शिकारीला जायची. त्यांचा युरोपीय कुत्र्यांशी संकर झाला, त्यातून रिजबॅक घडला.

1922 मध्ये ऱ्होडेशियातल्या बुलावायो शहरात गोऱ्या ब्रीडर्सनी जातीचे निकष ठरवले. नावात आला ऱ्होडेशिया, म्हणजे वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सच्या नावाचा देश. 1980 मध्ये तो देश झिम्बाब्वे झाला. कुत्र्याचं नाव मात्र तेच राहिलं.

खोईखोईंच्या वाट्याला श्रेय फारसं आलंच नाही. गोऱ्यांच्या हाती पडलं की 'ब्रीड', स्थानिकांच्या दारात असलं की 'गावठी'! आपणही आपल्याकडच्या कुत्र्यांना हाच न्याय लावतो.

जातीचा इतिहास सांगताना ज्यांनी ती मुळात सांभाळली, त्यांचंही नाव घ्या.

आणखी कोणत्या जातीबद्दल वाचायला आवडेल? कमेंटमध्ये विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.