जहाज बंदरात, प्रवासी जुन्नरला

मुंबई बंदरात पर्यटकांचे परदेशी जहाज लागले, की त्यातील प्रवाशांच्या वाट्याला जमिनीवरचा एक दिवस येतो. बहुधा तोही पुरता नसतो. सकाळी उतरायचे आणि जहाज सुटण्यापूर्वी परतायचे. एवढ्या वेळात बसणारे बेट म्हणजे घारापुरी. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराचे अंतर, धक्क्यावरून छोटी झुकझुक गाडी, मग पायऱ्या, त्रिमूर्ती, नारळपाणी आणि परत. त्यातून सोमवार निघाला तर लेणी बंद. जुन्नर या हिशेबात बसतच नाही. माळशेज घाटाने गेले तरी अंतर दीडशे किलोमीटरच्या घरात. जाण्यायेण्यातच दिवस सरतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला, पण घड्याळ लावून उतरलेल्या पाहुण्याला त्याचा काय उपयोग?

दोन हजार वर्षांपूर्वी मात्र समुद्रापलीकडच्या लोकांची नावे थेट जुन्नरच्या डोंगरांत कोरली गेली. येथील लेण्यांत यवनांच्या दानाचे तीन लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला आणि चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार करवून दिले. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही हा शब्द लावला जाऊ लागला. हे तिघे एका हंगामापुरते आले होते की येथेच स्थायिक झाले होते, याविषयी लेख गप्प आहेत. पण भोजनमंडपाचा खर्च उचलणारा माणूस संध्याकाळचे जहाज गाठण्याच्या घाईत नसावा, एवढे नक्की.

त्या काळच्या व्यापाऱ्यांना एवढी सवड मिळे ती वाऱ्यामुळे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिकेसारख्या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन ती अरबी समुद्र ओलांडत आणि पावसाचा जोर ओसरता ओसरता, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, आपल्या किनाऱ्याला लागत. परतायचे तर वारा उलटा फिरायला हवा. ईशान्येकडचा वारा नोव्हेंबरनंतर स्थिरावतो. तोपर्यंत शिडाच्या जहाजाला बंदरात पडून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. थोडक्यात, आजच्या प्रवाशाला काही तासांचा किनारा मिळतो, तर त्या प्रवाशाला दोन-तीन महिन्यांचा मिळे. माल विकायला, नवा भरायला आणि देश पाहायलाही तेवढा अवधी पुरेसा होता.

हा माल घाटावरून येई. सोपारा आणि कल्याण ही बंदरे खाली, पैठण आणि तेर या बाजारपेठा वर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. ती ओलांडायच्या वाटा अनेक. खेड तालुक्यातील भीमाशंकराहून शिडी घाटाने आजही कोकणात उतरता येते. पण नावच सांगते तशी ती जपून पाय टाकायची वाट, बैलांच्या तांड्यांची नव्हे. व्यापाऱ्यांचा राजमार्ग होता नाणेघाट. माथ्याजवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची मोजदाद आहे. भारतातील अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यातील आकडे गणले जातात. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते.

घाट चढून आले की जुन्नर. येथील लेण्यांचे दाते पाहिले तर गावाची बाजारपेठच डोळ्यांपुढे उभी राहते. बुरुडांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्य व्यापाऱ्यांची आहे. लेण्याद्रीचे चैत्यगृह ज्या सुलसदत्ताने करवून दिले, तो कल्याणचा. गिरिजात्मजाच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांची पावले शेजारच्या या सहाव्या लेण्यात वळतात, हे मात्र खटकते.

ठरलेले बंदर ऐनवेळी बदलण्याचा अनुभव आजच्या क्रूझ प्रवाशाला नवा नाही. तो तेव्हाही येई आणि त्याचे कारण राजकारण असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ सांगते, की कल्याण हे पूर्वी रीतसर बाजाराचे बंदर होते; पुढे सत्ता पालटली आणि तेथे अडथळे आले. चुकून तेथे शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. म्हणजे उतरायचे कल्याणला आणि पोचायचे गुजरातेत! त्या सुमारास क्षत्रप आणि सातवाहन यांचा झगडा चालू होता. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा दानलेख आहे. खालचे बंदर कोणाच्या हाती आणि वरची पेठ कोणाच्या हाती, यावर सारा व्यवहार अवलंबून होता.

पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली आणि जहाजे इतर बंदरांकडे वळली. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन काळातील मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. आजचे पर्यटक उतरतात त्याच बेटावर.

ही जुनी वाट पायाखाली घालायची असेल तर कल्याण-मुरबाडमार्गे वैशाखरे गाठावे आणि तेथून घाट चढावा. चढ दोन-तीन तासांचा आहे. पावसाळ्यात दगड निसरडे असतात. तांड्यांसारखे आपणही पाऊस सरल्यावर निघालेले बरे. माथ्यावरून जुन्नरला जायला रस्ता आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा लेणी मनाजोगती पाहायची तर मुक्काम दोन दिवसांचा तरी हवा.