प्राणहितेकाठचे महाकाय

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता हे नाव धारण करून जी नदी सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, तिच्या दोन्ही तीरांवरचा मुलूख सागवान आणि दळणवळणाची अडचण या दोनच गोष्टींसाठी प्रसिद्ध असला, तरी भूशास्त्रज्ञांच्या लेखी त्याचे मोल फार मोठे आहे. सिरोंचा तालुक्यातील कोटा या लहानशा गावावरून तेथील खडकांच्या थरांना नाव मिळाले. त्यांतील चुनखडीत प्राचीन मत्स्यांचे अवशेष सापडतात, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. परंतु याच थरांत सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे अजस्र सरीसृप गाडले गेले आहेत, हे कळण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

हा शोध ज्यांनी लावला, ती मंडळी एखाद्या पुराणवस्तुसंग्रहालयाची नव्हती, तर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची होती. आकडेमोडीच्या संस्थेने हाडे उकरावीत हे प्रथमदर्शनी विसंगत दिसते. पण १९३१ साली ही संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांची दृष्टी कोष्टकांपुरती मर्यादित नव्हती, आणि लंडनच्या पुराजीवशास्त्रज्ञ पॅमेला रॉबिन्सन यांना त्यांनी पाचारण केले ते याच कामाची घडी बसवून देण्यासाठी. सिरोंच्याच्या टापूतील पोचमपल्ली या खेड्याजवळ १९५९ ते १९६१ या काळात जे उत्खनन झाले, त्यातून सुमारे तीनशे हाडे निघाली, आणि त्यांची जुळवाजुळव करता ती किमान सहा प्राण्यांची असल्याचे निष्पन्न झाले. मांडीचे एकेक हाड पावणेदोन मीटरांच्या घरातले, म्हणजे धडधाकट पुरुषाच्या उंचीएवढे! उत्खननाची सांगता झाली ते वर्ष रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे, आणि महालनोबीस तर त्यांच्या निकटच्या परिवारातले. साहजिकच १९७५ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘बरापासॉरस टागोराय’ या नावाने कवीची स्मृती एका डायनासोरशी कायमची जोडली गेली. रवींद्रनाथांना ही सांगड बहुधा गमतीची वाटली असती.

सुमारे चौदा मीटर लांबीचा तो सांगाडा आज कलकत्त्यास उभा आहे, पण त्याची मूळ कवटी कोणी पाहिलेली नाही. काही दात तेवढे मिळाले. मस्तक मिळाले नाही. या कुळातील प्राण्यांचे डोके देहाच्या मानाने अगदीच लहान आणि मानेला नाजूकपणे जोडलेले असे, त्यामुळे मृत्यूनंतर ते निखळून प्रथम वाहून जाई. उलट मणके पुष्कळ सापडले, आणि माझ्या मते खरी नवलाई त्यांतच आहे: मणक्यांना जागोजागी खळगे पाडून हाडांचे वजन घटवण्याची जी युक्ती या कुळाच्या पुढील पिढ्यांनी परिपूर्ण केली, तिची नुसती सुरुवात येथे दिसते. देह इतका वाढवायचा तर भार कोठे वाचवायचा, या प्रश्नाचे उत्तर निसर्ग त्या वेळी जणू कच्च्या खर्ड्यावर मांडत होता.

परंतु हाडे आकार सांगतात, आहार सांगत नाहीत. त्याची साक्ष काढायची, तर वायव्येस वरोरा तालुक्यातील पिसदुरा गाठले पाहिजे. तेथे दख्खनच्या काळ्या पाषाणाखालील लामेटा थरांत, क्रिटेशस युगाच्या अखेरीस वावरणाऱ्या, याच कुळातील टायटॅनोसॉर या महाकायांच्या हाडांबरोबर, दगड बनलेली विष्ठाही विपुल सापडते. विष्ठेचे पृथक्करण हा काही प्रतिष्ठेचा उद्योग नव्हे. पण लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चिकाटीने केला. गवताच्या पेशींत सिलिकेचे सूक्ष्म कण साठतात, आणि पान कुजून गेले तरी ते टिकून राहतात. उसाच्या पात्याने बोट कापते, त्याचे एक कारण हीच सिलिका. पिसदुऱ्याच्या विष्ठेत शंकुधारी वृक्ष, ताड आदी वनस्पतींच्या अवशेषांसोबत हे गवताचे कणही आढळले, आणि तेही एकाच जातीचे नव्हेत. या प्राण्यांच्या आहारात गवताचा वाटा अल्पच असावा. तरीही २००५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच, डायनासोर नामशेष झाल्यावरच गवताचा विस्तार झाला, ही रूढ समजूत मोडीत निघाली.

त्या महाकायांचा अंत सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला अशनी त्यास कारणीभूत झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनमध्ये त्याच सुमारास उसळणाऱ्या लाव्ह्याकडे किती दोष जातो, हा वाद मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. गवत त्या संकटातून तरले. २०११ साली त्याच विष्ठेच्या पुढील अभ्यासात प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे कण ओळखले, ते भाताच्या कुळातील गवताचे होते. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडे आज पिकणाऱ्या धानाचे दूरचे आप्त डायनासोरांच्या पोटात गेलेले होते.