एक संगणक, दोन लिप्या

तंजावूर म्हटले की आठवतात बृहदीश्वराचे देऊळ, सरस्वती महाल ग्रंथालय आणि सरफोजी राजे. संगणकाचा येथे काय संबंध, असे कोणीही विचारील. पण जुन्या संगणकाची एक करामत जणू इथल्या मराठी घरांसाठीच निघाली होती.

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना ते जुने खोके आठवत असेल. पुढे 'टर्बो' बटण असे. ते दाबून संगणक मुद्दाम मंद करता येई, कारण जुने खेळ नव्या वेगात भरधाव सुटत. कीबोर्ड बंद करायला चक्क कुलूप-किल्ली! सव्वापाच इंची फ्लॉपीवरचा मजकूर चुकून पुसला जाऊ नये म्हणून तिच्या कडेच्या खाचेवर पट्टी चिकटवायची.

मात्र या संगणकाला मराठी येत नसे. पडद्यावरची अक्षरे एका चिपमध्ये ठरलेली असत आणि ती रोमन. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि तेथून 'जिस्ट कार्ड' बाहेर पडले. संगणकाचे झाकण उघडून हे कार्ड आत बसवले की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही देवनागरी उमटू लागे.

खरी गंमत पुढेच आहे. या पद्धतीत देवनागरी आणि तमिळ 'क'चा संकेतांक एकच, कळही एकच. त्यामुळे देवनागरीत टाइप केलेला मजकूर तमिळ लिपीत पाहता येई. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. पण फायलीतला 'घ' हा 'घ'च राही. पुन्हा देवनागरी निवडली की तो परत हजर!

तंजावूरला भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत होते. त्यांच्याबरोबर आलेल्या घराण्यांत आजही मराठी बोलली जाते, पण मुले शाळेत शिकतात ती तमिळ लिपी. भाषा एक, अक्षर दुसरे, अशा घरांना याहून सोयीचे काय असणार?

दगड टिकला, फ्लॉपीचे काय?

बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही वाचता येतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी मात्र चुंबकीय थर खराब झाल्याने वाचली जाईलच असे नाही. वाचली गेली तरी जुन्या संकेतांकांमुळे पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात.

म्हणून घरात जुन्या फ्लॉपी असतील तर लगेच कामाला लागा. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचे ड्राइव्ह मिळते; सव्वापाच इंचीसाठी जुने यंत्र सांभाळणारा जाणकार गाठावा लागेल. आधी फायली जशाच्या तशा उतरवून घ्या, मग युनिकोडमध्ये बदलून घ्या. चिन्हे निरर्थक दिसली म्हणून फाईल पुसू नका. आजोबांनी टाइप केलेली वंशावळ त्यातच शाबूत असू शकेल.